धबधब्याच्या माथ्यावरचा ओबो

एन्यो मोरिकोने हे नाव आमच्या धर्मग्रामांतील फार थोड्या घरांत उच्चारले जात असेल. त्यांची एक धून मात्र आता पुष्कळ घरांना पाठ झाली आहे. लग्नाच्या मिस्सेत वधू वेदीकडे येत असताना, किंवा कम्युनियननंतरच्या निःशब्द घटकेत, व्हायोलिन शिकणारे एखादे मूल ती वाजवते. सावकाश वर चढणारी, मध्येच थबकून लहानशी गिरकी घेणारी आणि श्वास संपता संपता खाली उतरणारी ती धून ऐकताना वृद्ध माणसे डोळे मिटून घेतात. ही कुठली, असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : चर्चमधलेच जुने संगीत असेल, दोनतीनशे वर्षांपूर्वीचे. वस्तुतः ती चर्चसाठी लिहिलेली नाही आणि जुनीही नाही. रोलँड जॉफे यांच्या ‘द मिशन’ या १९८६ सालच्या इंग्रजी चित्रपटासाठी ती लिहिली गेली. ‘गॅब्रिएल्स ओबो’ हे तिचे नाव.

हा गैरसमज हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पिस्तुलांच्या चकमकींना आणि दरोडेखोरांच्या पाठलागांना धुना पुरविणाऱ्या संगीतकाराची एक रचना वेदीपाशी येऊन बसते आणि तिथे ती परकी वाटत नाही, याचे कारण काय? ती खरोखर प्रार्थना आहे, की प्रार्थनेचा उत्तम अभिनय? मोरिकोने ६ जुलै २०२० रोजी रोममध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी निवर्तले. त्यांच्याविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यातील बराच भाग पारितोषिकांची मोजदाद करण्यात खर्ची पडला. आम्ही त्यांच्या कारकिर्दीकडे या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहू इच्छितो.

त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९२८ रोजी रोम शहरात झाला. वडील मारिओ हे व्यवसायाने ट्रम्पेटवादक. घरात वाद्य होते ते कलेची हौस म्हणून नव्हे, चूल पेटावी म्हणून. आणि मुलानेही तेच वाद्य उचलावे हे वडिलांनी गृहीत धरले होते. आमच्या गायकवृंदांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या नावाने चालणाऱ्या रोमच्या संगीत विद्यालयात, सान्ता चेचिलियात, ते बाराव्या वर्षी दाखल झाले. महायुद्धाचा तो काळ. रात्री दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांपुढे वाजवायचे आणि मोबदल्यात पुष्कळदा खाद्यपदार्थ घ्यायचे, अशा दिवसांत त्यांचे पौगंडवय गेले. पोटासाठी वाजवावे लागण्याची ती बोच त्यांना उतारवयातही विसरता आली नाही. १९४६ साली ट्रम्पेटची पदविका मिळाली. त्यानंतर गोफ्रेदो पेत्रास्सी या मातब्बर गुरूकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९५४ साली तीही पदविका मिळविली. पेत्रास्सींच्या शिकवणीत पालेस्त्रिना आणि बाख यांच्याइतकेच विसाव्या शतकातील अतिनवे, कानांना कठोर वाटणारे संगीतही होते. १९५८ साली मोरिकोने जर्मनीतील डार्मश्टाट येथे गेले. जॉन केज यांच्यासारख्या प्रयोगशील संगीतकारांचा त्या वर्षी तिथे बोलबाला होता. आपण याच वाटेने जाणार, गंभीर मैफलींसाठी लिहिणार, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

पण १९५६ साली मारिया त्राव्हिया यांच्याशी विवाह झाला होता, लेकरे होऊ लागली होती, आणि गंभीर संगीतावर संसार चालत नव्हता. मग ते आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपनीत अरेंजर झाले. दुसऱ्याने रचलेल्या चालीला वाद्यांचा साज चढवायचा, कुठे व्हायोलिने, कुठे पितळी वाद्ये, कुठे नुसते ड्रम हे ठरवायचे, असे ते काम. इटालियन सुगम गाण्यांना मोरिकोने यांनी जो साज दिला त्यात पत्र्याचा डबा गडगडण्याचा आवाजही होता. रस्त्यावरचा कोणताही ध्वनी नेमक्या जागी आला तर तो सूरच असतो, हा धडा त्यांनी केजकडून घेतला होता आणि तो गल्लीतल्या गाण्यात वापरला.

अरेंजर या शब्दापाशी क्षणभर थांबावेसे वाटते, कारण तो आमच्या समाजाच्या ओळखीचा आहे. गोव्याच्या धर्मग्रामीय शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेली कितीतरी कॅथलिक मंडळी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हेच काम करीत असत. सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. पडद्यावर नाव संगीत-दिग्दर्शकाचे. वाद्यवृंदाच्या कागदांवरचे अक्षर मात्र यांचे. गोन्साल्विस यांचे नाव घरोघर पोचले तेही त्यांच्या रचनांमुळे नव्हे, तर त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात ते गुंफले म्हणून. मोरिकोने अरेंजरचे संगीतकार झाले आणि पुढे जन्मभर आपल्या प्रत्येक रचनेचे वाद्यसंयोजन त्यांनी स्वतःच केले, दुसऱ्याच्या हाती दिले नाही. आमच्या माणसांना ती संधी क्वचितच मिळाली. असो.

चित्रपटाकडे ते १९६१ साली वळले. तीनच वर्षांनी सेर्जिओ लेओने हा दिग्दर्शक त्यांच्या दारी आला, आणि दोघांच्या ध्यानी आले की आपण प्राथमिक शाळेत एकाच वर्गात होतो. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) हा तो चित्रपट. त्याच्या शीर्षकसंगीताची गोष्ट उद्बोधक आहे. वुडी गथ्री यांच्या एका अमेरिकन लोकगीताला मोरिकोने यांनी पूर्वी साज चढविला होता. लेओनेंना तो साजच आवडला. गाणे काढून टाका, साज राहू द्या, असा त्यांचा आग्रह. गायकाच्या जागी शीळ आली, आणि चाबकाचा फटकारा, घंटेचा टोला, इलेक्ट्रिक गिटार हे सारे राहिले. ज्या कामाला आडनाव नसते ते अरेंजरचे काम असे एकदम पुढे आले आणि जगभर गेले. १९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये त्यांनी कोल्हेकुईचे दोन सूर उचलून त्यांवर अख्खे शीर्षकसंगीत बेतले, आणि तेच दोन सूर तिघा नायकांना तीन वेगळ्या आवाजांत वाटून दिले. १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चे संगीत तर चित्रणापूर्वीच तयार होते आणि सेटवर वाजवून त्याच्या तालावर नटांना चालविले गेले. त्यातला नायक बोलण्याऐवजी मोठ्या खेपेस तोंडातला माउथ-ऑर्गन वाजवतो. आमच्याकडे १९७५ साली ‘शोले’त अमिताभ बच्चन संध्याकाळी ओट्यावर बसून माउथ-ऑर्गन वाजवतो, त्यामागे ही इटालियन सावली आहे हे जाणकारांच्या ध्यानी येईल.

या यशाने मोरिकोने सुखावले असतील, अशी आपली समजूत होईल. तसे झाले नाही. पेत्रास्सींच्या परंपरेत चित्रपटासाठी लिहिणे म्हणजे जवळजवळ बाटणे होते. पहिल्या लेओने-चित्रपटाच्या नामावलीत त्यांनी ‘डॅन साव्हिओ’ असे टोपणनाव घातले, ते चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून; पण आपले खरे नाव तिथे नाही याचे त्यांना फारसे दुःखही नसावे, असे आम्हांला वाटते. सहाध्यायी त्यांच्याकडे तिरक्या नजरेने पाहत. गुरूंची नाराजी त्यांना कित्येक वर्षे टोचत राहिली. एकीकडे ते चित्रपटामागून चित्रपट करीत होते, आणि दुसरीकडे मैफलीसाठीच्या आपल्या स्वतंत्र रचनांना ‘निरपेक्ष संगीत’ असे संबोधून त्यांचा वेगळा हिशेब ठेवीत होते. रोममधील प्रयोगशील संगीतकारांच्या एका गटात ते ट्रम्पेटही वाजवीत, आणि त्या गटातले वादन सामान्य श्रोत्याला गोंगाटच वाटेल. चित्रपट व दूरचित्रवाणी मिळून चारशेहून अधिक कामे आणि शंभराहून अधिक स्वतंत्र रचना, अशा दोन वह्या एकाच टेबलावर होत्या.

या दुहेरी वहीखात्याचे आम्हां धर्मगुरूंना नवल वाटू नये. पवित्र आणि लौकिक यांच्यामध्ये रेघ ओढण्याचा उद्योग ख्रिस्तसभेने संगीताच्या बाबतीत शतकानुशतके केला आहे. १५६२ साली ट्रेंटच्या परिषदेने चर्चमधील संगीतातून असभ्य व चंचल ते काढून टाकण्याचा आदेश दिला, कारण तेव्हा बाजारातल्या प्रेमगीतांच्या चालींवर मिस्सा रचल्या जात होत्या. त्या आदेशानंतरच्या वातावरणात पालेस्त्रिना यांनी जी स्वच्छ, प्रत्येक शब्द कळावा अशी शैली घडविली तीच पुढे आदर्श मानली गेली. मोरिकोने त्या शैलीवर पोसलेले होते. सिनेमाच्या वहीत तिला जागा मिळायला मात्र १९८६ उजाडावे लागले. मधल्या काळातील ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ (१९६६), पासोलिनींचे चित्रपट, ‘डेज ऑफ हेवन’ (१९७८), ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ (१९८४) ही सारी महत्त्वाची कामे आहेत. त्यांवर लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. येथे केवळ नोंद करून पुढे जातो.

‘द मिशन’ची कथा थोडक्यात सांगावी लागेल. अठराव्या शतकाच्या मध्यास दक्षिण अमेरिकेत येशूसंघीय धर्मगुरूंनी गुआरानी आदिवासींच्या वसाहती उभ्या केल्या होत्या. तिथे शेती, शाळा, सुतारकाम यांबरोबर संगीत होते; व्हायोलिने आणि ऑर्गनसुद्धा तिथेच घडत. गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून संरक्षण हा या वसाहतींचा मोठा आधार होता. १७५० साली माद्रिद येथे स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तह करून सरहद्द नव्याने आखली आणि उरुग्वे नदीच्या पूर्वेकडच्या सात वसाहती पोर्तुगालच्या वाट्याला गेल्या. तिथल्या हजारो माणसांनी घरेदारे, शेते, चर्चे सोडून नदीपार निघून जावे, असा हुकूम निघाला. चित्रपटात हे घडते इग्वासूच्या धबधब्यावर. आधीच्या धर्मगुरूला क्रूसाला बांधून धबधब्यातून लोटून दिल्यावर फादर गॅब्रिएल (जेरेमी आयर्न्स) तोच कडा चढून जातात, जंगलात एका दगडावर बसतात आणि पिशवीतून ओबो काढून वाजवू लागतात. पटकथा रॉबर्ट बोल्ट यांची. संत थॉमस मोर यांच्यावरील ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ या नाटकाचे लेखक तेच.

मोरिकोने यांना हा चित्रपट संगीताविना दाखविण्यात आला तेव्हा अखेरीस त्यांना अश्रू आवरले नाहीत, आणि त्यांनी काम नाकारले. हे आहे तसेच पुरेसे आहे, संगीताने बिघडेल, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हांला हा नकार फार बोलका वाटतो. शांततेची किंमत ज्याला कळते तोच ती मोडण्याचा अधिकार मिळवतो. निर्मात्यांनी गळ घातली, आणि ते तयार झाले.

त्यांच्यापुढे तीन बंधने होती, असे ते पुढे वारंवार सांगत. पहिले, ओबो. हे वाद्य आपल्या सनईच्या कुळातले, पत्तीचे. पण आवाजाने सौम्य. नटाची बोटे पडद्यावर आधीच फिरून गेली होती; त्या बोटांना जुळेल अशी, अठराव्या शतकाला शोभणाऱ्या गिरक्या आणि मुरक्या असलेली चाल हवी होती. दुसरे, ट्रेंट परिषदेनंतरचे वृंदगान, कारण हे धर्मगुरू तेच संगीत घेऊन समुद्र ओलांडून आले असणार. तिसरे, त्या जंगलातल्या माणसांचा ताल. वाचकांनी ‘ऑन अर्थ ॲज इट इज इन हेवन’ ही रचना एकदा शांतपणे ऐकावी. प्रभूच्या प्रार्थनेतील शब्दांवरून तिला नाव दिले आहे. तिच्यात हे तिन्ही प्रवाह आळीपाळीने येतात. वृंदगान सुरू होते, त्याखाली ढोलांचा ताल सरकतो. तालावर ओबो येऊन बसतो. मग ओबो आणि वृंदगान. आणि अखेरीस तिन्ही एकदम. कुणी कुणाला झाकत नाही. तीन स्वतंत्र चाली एकाच स्वरमेळावर बेतलेल्या आहेत, म्हणून हे जमते. पण ऐकताना हिशेब जाणवत नाही. पेत्रास्सींकडे गिरवलेले प्रतिस्वराचे जुने शास्त्र, केजकडून आलेला ध्वनीचा धीटपणा आणि आरसीएच्या स्टुडिओत मिळालेली नेमकेपणाची सवय, या तिन्ही गोष्टी इथे कामी आल्या. दोन वह्या प्रथमच एक झाल्या.

येथवर प्रशंसा झाली. पण टीकाकाराचे काम एवढ्यावर संपत नाही.

चित्रपट आम्ही प्रथम पाहिला तो सेमिनरीत, व्हिडिओ कॅसेटवर. आणि त्या वयात आम्ही भारावून गेलो हे सांगण्यास संकोच नाही. व्हॅटिकनने १९९५ साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त ज्या ४५ चित्रपटांची यादी केली तिच्यातही त्याला स्थान आहे. परंतु इतिहास वाचल्यावर एक गोष्ट खटकत राहते. १७५४ ते १७५६ या काळात गुआरानींनी स्पेन व पोर्तुगाल यांच्या संयुक्त सैन्याशी जो लढा दिला त्याचे नेतृत्व गुआरानींनीच केले. फेब्रुवारी १७५६ मध्ये लढाईत पडलेला सेपे तियाराजू हा त्यांचा सेनानी आजही ब्राझीलच्या दक्षिण भागात लोकांच्या स्मरणात आहे. चित्रपटात तो नाही. तिथे लढा उभारतो तो पश्चात्ताप पावलेला गोरा गुलामव्यापारी रोद्रिगो मेंदोसा, आणि पवित्र साक्रामेंत हाती घेऊन गोळ्यांना सामोरे जातात ते गोरे फादर गॅब्रिएल. गुआरानी आहेत ते सुंदर, निरागस, आणि बहुतांशी मुके. त्यांची भूमिका कोलंबियातील वाउनाना जमातीच्या लोकांनी केली. त्यांच्या तोंडचे बहुतेक बोलणे प्रेक्षकाला कळू दिलेले नाही. मरतात ते शेकड्यांनी. नावानिशी मात्र कुणी मरत नाही.

अशा चित्रपटात गुआरानींना आवाज दिला तो संगीताने, असे पुष्कळ समीक्षक म्हणतात. आम्हांलाही तसे म्हणणे आवडले असते. पण ध्वनिमुद्रण बारकाईने तपासले तर काय आढळते? त्या ढोलांवर गायली जाणारी ‘विता नोस्त्रा’, म्हणजे ‘आमचे जीवन’, ही रचना गुआरानी भाषेत नाही, लॅटिनमध्ये आहे. गाणारा वृंद लंडनचा. त्याच्या जोडीला जंगलाचा रंग भरणारा वाद्यगट आहे तोही ब्रिटिश, आणि त्याची ख्याती दूरच्या अँडीज पर्वतातल्या पाव्यांसाठी. चालही मोरिकोने यांचीच, गुआरानी परंपरेतून घेतलेली नव्हे. म्हणजे ज्याला आपण आदिवासींचा आवाज म्हणतो तो रोममधल्या एका टेबलावर कल्पिलेला आवाज आहे. तिघांचा संवाद वाटतो तो प्रत्यक्षात एकाच माणसाने तीन आवाजांत केलेले स्वगत आहे.

मग हे सारे खोटे ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण संगीताबाहेर शोधावे लागत नाही. मोरिकोने यांनी त्या तालाला गोड केलेले नाही. ओबोची चाल कानात विरघळते, वृंदगान उंच कमानीखाली निवते. पण ‘विता नोस्त्रा’ टोचते. त्यातले पुरुषांचे आवाज खरखरीत आहेत, ताल हट्टी आहे, आणि शेवटच्या मिलाफातही तो माघार घेत नाही. धर्मांतरित माणसाने आपल्या भाषेत, आपल्या तालात देवापुढे उभे राहावे, की आधी आमच्यासारखे व्हावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्या रचनेत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला त्यात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे म्हटले आहे. आमच्या मराठी मिस्सेला, ओव्यांच्या वळणाच्या आमच्या गायनांना ज्या दारातून आत येता आले ते हेच दार. ज्यांना पेटी-तबला वेदीजवळ आला तेव्हा नाके मुरडणारी माणसे आठवतात, त्यांना ‘विता नोस्त्रा’मधला हट्ट सहज कळेल.

आणखी एक गोष्ट. हा मिलाफ चित्रपटात पूर्ण रूपाने ऐकू येतो तो कथा संपल्यावर, श्रेयनामावली सरकू लागल्यावर. वसाहत जळून गेलेली असते. उरलेली काही मुले नदीतून एक मोडके व्हायोलिन उचलतात आणि होडीतून जंगलात निघून जातात. इतिहासात जे जुळले नाही ते संगीतात जुळले, असा स्वस्त दिलासा देण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे, कारण नामावलीच्याही अखेरीस कार्डिनल आल्तामिरानो यांचा चेहरा पुन्हा पडद्यावर येतो आणि ते काही न बोलता थेट प्रेक्षकाकडे पाहतात. घाईने उठणाऱ्यांना तो चेहरा दिसतच नाही.

त्या नजरेपासून आम्हीही फार दूर नाही. १७५९ साली पोर्तुगालने येशूसंघीयांना आपल्या राज्यातून हाकलले तेव्हा गोव्यातील संघीयांनाही जावे लागले. वसई तोवर, १७३९ सालीच, पोर्तुगीजांच्या हातून गेली होती. तिथल्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या चर्चच्या आणि महाविद्यालयाच्या भिंती उभ्या आहेत. ब्राझीलमधील साओ मिगेल या त्या सातांपैकी एका वसाहतीच्या भग्न चर्चचे चित्र पाहिले की त्या भिंतींची आठवण येते. १७७३ साली तर पोप क्लेमेंट चौदावे यांनी तो संघच बरखास्त केला. १८१४ साली त्याचे पुनरुज्जीवन झाले.

या पुनरुज्जीवनाच्या द्विशताब्दीसाठी रोममधील जेझू चर्चच्या येशूसंघीयांनी मोरिकोने यांना मिस्सा लिहिण्याची विनंती केली. त्यांच्या पत्नी मारिया कित्येक वर्षांपासून त्यांना हेच सांगत होत्या. ‘मिस्सा पापे फ्रान्सिस्ची’ असे तिचे नाव, पोप फ्रान्सिस यांना अर्पण केलेले. पालेस्त्रिना यांच्या ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’चा पडसाद त्या नावात कुणालाही ऐकू येईल. १० जून २०१५ रोजी जेझू चर्चमध्ये ती प्रथम सादर झाली तेव्हा ८६ वर्षांचे मोरिकोने स्वतः वाद्यवृंदापुढे उभे होते. दोन वृंद समोरासमोर गातात अशी तिची जुन्या व्हेनिसच्या धाटणीची रचना आहे. ती कोरडी आहे, उंच आहे, आणि सोपी मुळीच नाही. शेवटी ‘द मिशन’ची आठवण येते.

येथे एक योगायोग नोंदवलाच पाहिजे. याच जेझू चर्चमध्ये सुमारे तीनशे वर्षांपूर्वी दोमेनिको झिपोली नावाचा तरुण ऑर्गनवादक होता. रोममधली बहरती कारकीर्द सोडून १७१६ साली तो येशूसंघात आला, दुसऱ्याच वर्षी दक्षिण अमेरिकेला गेला आणि १७२६ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, कोर्दोबा येथे वारला. त्याने वसाहतींसाठी लिहिलेले संगीत हरवले असे मानले जाई. पुढे बोलिव्हियातील चिकितोस भागात जुन्या मिशन चर्चांची दुरुस्ती चालू असता, १९७०च्या दशकात, हस्तलिखित स्वरलिपीची हजारो पाने सापडली. त्यांत झिपोलीचे संगीत होते, आणि तिथल्या आदिवासी नकलनविसांनी पिढ्यान्‌पिढ्या नकलून ते जपले होते. मोरिकोने यांनी कल्पनेने जे रंगविले त्याचा खरा पुरावा त्या पानांत होता. आमच्या मते ‘द मिशन’ला मिळालेली सर्वांत चोख दाद आणि सर्वांत कठोर टीका, दोन्ही त्या पानांतच आहेत. गुआरानींचे आणि चिकितानोंचे हात मुके नव्हते. ते स्वर लिहीत होते.

पारितोषिकांविषयी दोनच वाक्ये. ‘द मिशन’ला ऑस्कर मिळाले नाही, आणि मोरिकोने यांनी तो सल लपविला नाही, २००७ साली सन्मानार्थ ऑस्कर मिळाले तेव्हा ते इटालियनमध्ये बोलले, क्लिंट ईस्टवूड यांनी त्याचे भाषांतर केले, आणि त्यांनी तो सन्मान मारियांना अर्पण केला. २०१६ साली, ८७व्या वर्षी, ‘द हेटफुल एट’साठी त्यांना स्पर्धेतले ऑस्करही मिळाले; पण तो चित्रपट आम्ही कुणाला पाहा म्हणून सांगणार नाही.

आता आमच्या लग्नाच्या मिस्सेकडे येतो, कारण धर्मग्रामातले पालक हा प्रश्न विचारतात आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. ‘गॅब्रिएल्स ओबो’ मिस्सेत वाजवावी काय? वाद्यावर, प्रवेशापूर्वी किंवा कम्युनियननंतर, जरूर वाजवावी. मात्र तिच्यावर १९९८ साली इटालियन शब्द बसवून ‘नेल्ला फान्तासिया’ हे गाणे करण्यात आले आहे. ते सद्भावनेचे असले तरी प्रार्थना नव्हे. त्यात प्रभूला उद्देशून काही नाही. ते स्वागतसमारंभात शोभेल. आणि कीबोर्डच्या तयार तालावर, मागे खटखट चालू ठेवून ही धून वाजविली जाते तेव्हा तिच्यातले जे मुख्य, म्हणजे दोन वाक्यांमधला श्वास, तोच गुदमरतो. चित्रपटात गॅब्रिएल ती वाजवीत असतात तेव्हा झाडांआड धनुष्ये ताणलेली आहेत, हे वाजविणाऱ्या मुलाला सांगितले पाहिजे. एक आदिवासी पुढे येऊन तो ओबो हिसकावतो आणि मोडून टाकतो. दुसरा ते तुकडे उचलून जोडू पाहतो. ती धून गोड आहे, पण सुखात बसून वाजविलेली नाही. एवढे ठाऊक झाले की मुले आपोआप सावकाश वाजवू लागतात, असा आमचा अनुभव आहे.

मोरिकोने यांनी मृत्यूपूर्वी स्वतःच्या निधनाची वार्ता स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. तिच्यात कुटुंबीयांचा आणि मित्रांचा नावानिशी निरोप आहे, अंत्यविधी खाजगी ठेवावा कारण आपल्याला कुणाला त्रास द्यायचा नाही असे म्हटले आहे, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत जड निरोप म्हणून, मारियांचे नाव आहे. संगीताविषयी त्यात एक शब्द नाही.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी ‘द मिशन’ची ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकावी, निवडक तुकडे नव्हे. पहिल्याच क्रमांकावर तिन्ही प्रवाहांचा तो थोर मिलाफ आहे. मग धबधबा, ओबो, गुआरानींची आवे मारिया, तलवारीचे आणि पश्चात्तापाचे संगीत असे वीस भाग आहेत. विसावा ‘मिसेरेरे’ आहे, म्हणजे ‘दया कर’. तिथे ना वाद्यवृंद, ना ढोल, ना ओबो. एका मुलाचा एकटा आवाज आहे, जेमतेम मिनिटभर. आणि तो थांबला की ध्वनिमुद्रिका संपते.